दुसऱ्याच्या हातचे घड्याळ

साठी उलटली की माणसाला काही ना काही खूळ लागते, असा माझा अनुभव आहे. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी निवृत्त झाल्यावर होमिओपॅथीची पेटी आणली आणि सहा महिन्यांत साऱ्या इमारतीला साबुदाण्याएवढ्या गोळ्या चारल्या. दुसरे एक स्नेही ज्योतिष शिकले. बँकेतला माझा एक जुना सहकारी नर्मदा परिक्रमेला गेला आणि परत आल्यापासून भाजी आणायलाही अनवाणीच जातो. यांतले काहीच मला झेपण्यासारखे नव्हते. मला खूळ लागले ते घड्याळाचे. आणि तेही नव्या घड्याळाचे नव्हे, कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या, मग विकलेल्या किंवा विसरलेल्या जुन्या घड्याळाचे.

"घड्याळ?" ही म्हणाली. "आता तुम्हांला कुठं वेळेवर जायचंय?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरात इतर कशाची टंचाई असेल, पण वेळेची कधीच नव्हती. भिंतीवर एक घड्याळ, स्वयंपाकघरात एक, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि गेल्या वर्षापासून तर भात गरम करायचे यंत्रसुद्धा वेळ सांगू लागले आहे. त्यात आणखी एक घड्याळ म्हणजे समुद्राला तांब्याने पाणी घालण्यासारखेच होते.

"ओमेगा घ्यायचंय," मी म्हणालो.

ही काही बोलली नाही. ओमेगा म्हटल्यावर ती काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होते. त्याचे कारण पुढे येईलच.

नवे ओमेगा आजच्या बाजारात काही लाखांचे होते. बँकेत पस्तीस वर्षे इतरांचे लाख मोजलेल्या माणसाला स्वतःचे लाख घड्याळावर घालण्याचा धीर होत नाही. माझ्यापाशी होती ती मुदत संपलेली एक ठेव, पन्नास हजारांची. ती पुन्हा ठेवायची की मोडायची यावर आमच्या घरात दोन आठवडे परिषद भरली आणि शेवटी ठराव झाला, की पन्नासच्या वर एक पैसा नाही, हप्ता नाही, आणि मुलाकडे मागायचे नाही. एवढ्या अटी मान्य करून मी बाजारात उतरलो.

जुन्या घड्याळांचा बाजार ही एक निराळीच सृष्टी आहे. शुक्रवारी पहाटे मी चोरबाजारात जाऊ लागलो. पुरते उजाडलेलेही नसायचे. फुटपाथवर चादरी पसरलेल्या. त्यांवर नळाच्या तोट्या, ग्रामोफोनचे कर्णे, कुणाचे तरी फ्रेममधले आजोबा, आणि या सगळ्यांच्या मधोमध ढीगभर घड्याळे. त्या ढिगात हात घातला की आपल्या लहानपणचे सारे नातेवाईक भेटल्यासारखे वाटते. फेव्हर ल्यूबा तर इतकी, की वाटावे ही कंपनी गिरगावातलीच असावी. वास्तविक ती १७३७ सालापासूनची स्विस, पण १८६५ साली मुंबईत आली आणि इतकी रुळली, की आमच्या चाळीत लग्नाच्या याद्यांत तिचे नाव सायकलीच्या खालोखाल असे. वेस्ट एंड वॉच कंपनीचे "सोवर प्राइमा" दिसे. सोवर म्हणजे आपला स्वार. पलटणीतल्या आणि खेड्यापाड्यांतल्या माणसाला उच्चारता यावे म्हणून ठेवलेले नाव. रोमर, टिसॉट, टिटोनी, आणि मग १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला निघालेल्या आपल्या एचएमटीची जनता, पायलट, सोना.

ही एवढी घड्याळे रस्त्यावर आली कुठून? त्याला एक तारीख आहे. २५ डिसेंबर १९६९ या दिवशी जपानच्या सायकोने अ‍ॅस्ट्रॉन नावाचे क्वार्ट्‌झ घड्याळ विक्रीला काढले. त्याची किंमत एका लहान मोटारीइतकी होती. पण ते महिन्याला पाच सेकंदांपेक्षा जास्त चुकत नसे. पुढे दहा-पंधरा वर्षांत तशी घड्याळे भाजीच्या भावाने मिळू लागली आणि रोज सकाळी चावी मागणारी जुनी घड्याळे कपाटांच्या खणांत जाऊन पडली. खणातून रद्दीत, रद्दीतून चादरीवर, असा त्यांचा उतरता प्रवास झाला. आता तीच पुन्हा चढू लागली आहेत. माझ्या मुलाने मला फोनवर तसली शेकडो घड्याळे दाखवली. सगळी एकजात देखणी. वधूवरसूचक मंडळातल्या छायाचित्रांइतकीच देखणी आणि तितकीच विश्वसनीय.

माझे पहिले घड्याळ मी चादरीवर घेतले नाही, चांगल्या दुकानात घेतले. दुकान कुठले ते सांगत नाही. फसलेल्या माणसाने पत्ता सांगू नये. मोरपंखी निळी तबकडी, त्यावर सोनेरी काटे, काचेत आपला चेहरा दिसावा असा लखलखाट. "१९५८ चं आहे, साहेब. सर्व्हिस केलेलं. असा पीस पुन्हा मिळायचा नाही." अठरा हजार. मी मनात हिशेब केला की पन्नासातले बत्तीस वाचले. हा असा हिशेब मनात येतो तेव्हाच माणसाने खिशातला हात बाहेर काढून दुकानाबाहेर पडावे. मी पडलो नाही.

घरी येऊन मोठ्या ऐटीत मी मनगट पुढे केले. हिने चष्मा लावला, घड्याळ पाहिले, आणि विचारले, "किती सालचं म्हणालात?"

"१९५८."

"म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं. मग याच्या तोंडावर एक सुरकुती नाही ती कशी?"

मी हसण्यावारी नेले, पण ती सुरकुती माझ्या मनात पडली. तिसऱ्या दिवशी घड्याळ दुपारी दोनला थांबले. हलवले की चाले, ठेवले की थांबे. मी ते आयुर्विम्याच्या कागदांखाली लपवले आणि हिची नजर चुकवून ठाकुरद्वारच्या बाजूला एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजीकडे गेलो.

हे गृहस्थ माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. कोकणातून पंधराव्या वर्षी आले ते त्या जिन्याखाली बसले, अजून उठलेले नाहीत. काचेची एक पेटी, वर वाकलेला दिवा, डोळ्यात भिंग. त्यांनी घड्याळ कानाला लावले, सुरीच्या टोकाने मागचे झाकण काढले आणि बराच वेळ आत पाहत राहिले. डॉक्टर असा बराच वेळ गप्प राहिला की माणूस ओळखतो.

"बोला," मी म्हणालो.

"साहेब, मशीन सहा आणे ओमेगाचं. बाकीचं दहा आणे आपल्या इथलंच."

मग त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावले. तबकडी रंगवलेली होती. कारखान्यात तबकडीवरची अक्षरे ठशाने छापत. भिंगाखालीसुद्धा ती धारदार दिसतात. माझ्या घड्याळावरची अक्षरे मात्र पावसात भिजलेल्या पाटीसारखी फुगलेली होती. मिनिटांच्या रेघा बारापासून निघून पुन्हा बारापाशी येताना एक केसभर चुकल्या होत्या. सहाच्या आकड्याखालचे "स्विस मेड" एका अंगाला कलले होते. आणि मोरपंखी निळा रंग त्या घड्याळाला कारखान्याने जन्मात दिला नव्हता. काटे तिसऱ्याच कुठल्या घड्याळाचे. वरचे कवच पितळेवर मुलामा दिलेले. मागे इंग्रजीत "स्टेनलेस स्टील बॅक" कोरलेले. "नीट वाचा," ते म्हणाले, "मागचं झाकण पोलादी आहे, एवढंच त्यात लिहिलंय. पुढच्याबद्दल तो काही बोललेला नाही." आतल्या स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झिजलेल्या, आणि एका कोपऱ्यात गंज.

"म्हणजे फसवलं मला."

"फसवलं कसं? तुम्हांला चकचकीत हवं होतं. त्यानं चकचकीत दिलं."

त्या दिवसापासून दुपारचा चहा मी त्या जिन्याखाली घेऊ लागलो. हिला सांगितले, वाचनालयात जातो. (हिला ते त्याच दिवशी कळले होते, असे आता कळते.) बँकेच्या पस्तीस वर्षांत मी शिकलो नाही इतके त्या जिन्याखाली सहा महिन्यांत शिकलो. तबकडी आधी पाहायची. मशीन दुरुस्त होते, कवच घासता येते, पण तबकडीचा मूळ चेहरा एकदा पुसला की परत येत नाही. तिच्यावर डाग असले, कडेला ती पिवळी पडली असली, तरी चालते. डागांनी किंमत उतरते आणि आपल्यासारख्याला परवडते. मग झाकण उघडून मागायचे. जो दुकानदार झाकण उघडायला कां कूं करील त्याला नमस्कार करून निघायचे. त्या काळच्या ओमेगाचे मशीन घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे तांबूस असते आणि त्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून सालाचा अंदाज येतो, आणि दुकानदाराने सांगितलेले साल त्याच्याशी जुळते का ते पाहायचे. चावी देताना हाताला वाळू लागू नये. सोनेरी मुलाम्यापेक्षा पोलाद बरे, कारण मुंबईच्या घामापुढे मुलामा टिकत नाही, कोपऱ्यांतून पितळ डोकावू लागते. आणि पाणी! पाणी जात नाही असे झाकणावर लिहिलेले असले, तर ते साठ वर्षांपूर्वी जात नव्हते एवढाच त्याचा अर्थ.

काही घड्याळांचे आकडे एके काळी अंधारात चमकत. त्यांत रेडियम असे. आता ते चमकत नाहीत, म्हणून मला वाटे त्यांतला रेडियम संपला असेल. संपलेला नसतो. रेडियम निम्मा व्हायला सोळाशे वर्षे लागतात. थकतो तो त्याच्यासोबतचा चमकणारा पदार्थ. म्हणजे उजेड विझतो आणि विष तेवढे शिल्लक राहते. तसली घड्याळे घरी उघडून खरवडू नयेत, हे घड्याळजींनी मला दोनदा बजावले.

पैशांविषयीचा त्यांचा सल्ला मात्र मी बँकेत असताना ऐकायला हवा होता. "पन्नास आहेत ना? मग चाळीसचं घ्या. जुनं घड्याळ घेणं म्हणजे गाय घेणं. आणल्या दिवशी वैरणीला पैसे उरलेले हवेत." साफसफाई, तेल, एखादी स्प्रिंग, पट्टा, हे सारे घड्याळाच्या किमतीतच धरायचे. लहान आकाराचे घ्या, असेही ते म्हणत. आजच्या तरुणांना मनगटावर थाळी हवी असते, म्हणून तेहतीस-चौतीस मिलिमीटरची जुनी घड्याळे मागे पडतात आणि स्वस्त मिळतात. माझे मनगट जन्मतः किडकिडीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा फायदा होत होता.

ओमेगाच कां, हे मी त्यांना सांगितले नव्हते. पण ज्या मशीनसाठी मी हटून बसलो होतो त्याची सारी कुळकथा त्यांना पाठ होती. तीस मिलिमीटर व्यासाचे, चावीचे, सेकंदाचा छोटा काटा सहाच्या वर फिरणारे हे मशीन १९३९ साली निघाले. महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या आणि वैमानिकांच्या मनगटांवर ते गेले, वेधशाळांच्या शर्यतींत त्याने बक्षिसे मिळवली, आणि १९६३ पर्यंत सुमारे तीस लाख नग निघाले. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. "एवढं हृदयसुद्धा ठोकत नाही, साहेब. आणि हृदयाला कुणी तेल घालत नाही."

एके दिवशी त्यांनी अचानक विचारले, "तुम्ही कुठलंही घड्याळ हातात घेतलं की आधी त्याच्या डाव्या खालच्या शिंगावरून बोट फिरवता. कशासाठी?"

पट्टा जिथे अडकतो ती चार टोके. त्यांना ते शिंगे म्हणत. मला स्वतःलाही कळले नव्हते, की मी प्रत्येक वेळी तसे करतो. मग सांगावेच लागले.

माझ्या वडिलांना त्यांच्या लग्नात, १९५३ साली, माझ्या आजोबांनी ओमेगा दिले होते. पोलादी, पांढऱ्या तबकडीचे, सहावर छोटा सेकंदकाटा. त्या वेळी मुंबईला दोन वेळा होत्या. रेल्वे चाले भारतीय वेळेवर आणि महापालिका चाले मुंबईच्या वेळेवर, एकोणचाळीस मिनिटे मागे. १९५५ पर्यंत हा संसार असाच चालला होता. दादा विमा कंपनीत कारकून. ते सांगत, की ओमेगा मनगटावर आल्यापासून त्यांनी महापालिकेचे ऐकणे सोडून दिले. लोकलच्या दाराच्या दांड्यावर आपटून घड्याळाच्या डाव्या खालच्या शिंगाला एक खाच पडली होती. लहानपणी दादांच्या मांडीवर बसून मी त्या खाचेत नख घालून बसत असे.

१९७३ च्या मार्चमध्ये माझी मॅट्रिकची परीक्षा होती. त्या काळी मुलाला परीक्षेपुरते वडिलांचे घड्याळ मिळे. मुंजीनंतरचा तोच मोठा संस्कार. दादांनी स्वतः माझ्या मनगटाला पट्टा बांधला, आणखी एक भोक पाडून. गणिताचा पेपर संपला. शाईने हात बरबटले होते म्हणून शाळेच्या नळावर गेलो, घड्याळ काढून कट्ट्यावर ठेवले, हात धुतले. तेवढ्यात कुणीतरी ओरडले, "शेवटच्याचं उत्तर किती रे?" आणि मी उत्तर सांगत सांगत फाटकाबाहेर पडलो. आठवण झाली तेव्हा मी धोबी तलावापर्यंत आलो होतो. धावत परत गेलो. कट्ट्यावर पाण्याचे थेंब होते.

घरी कसा गेलो ते आठवत नाही. आईला सांगितले. आईने तोंडाला पदर लावला. दादा साडेसहाला आले, चपला काढल्या, आईचे सारे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पेपर पुरा सोडवलास ना?"

"हो."

"मग झालं."

त्यानंतर तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. पण पुढची तीन वर्षे रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दादा ऑफिसला निघताना डावे मनगट वळवून पाहत. तिथे काही नसे. मग हळूच आईला विचारत, "किती वाजले गं?" १९७६ साली त्यांनी एचएमटी जनता घेतले आणि १९९४ साली जाईपर्यंत तेच वापरले. ते माझ्या कपाटात आहे, चावी दिली की आजही चालते. "मग तेच घाला की," असे मला पुष्कळांनी सांगितले. जनता चांगलेच आहे. पण ते मी हरवलेले घड्याळ नव्हे.

घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढले. "म्हणजे तीस लाखांत तुम्ही एक खाच शोधताय?"

"शोधत नाही. बोट जातं आपलं."

"सापडलं तरी खाच नसेल, साहेब. ज्याच्या हाती लागलं त्यानं विकायच्या आधी पॉलिश मारलं असेल. पॉलिशवाला पहिलं काम करतो ते खाचा घालवायचं."

त्या दिवशी चहा गार झाला. घरी येऊन मी विम्याच्या कागदांखालचे निळे घड्याळ काढले आणि हिच्यापुढे ठेवून सारे सांगून टाकले, अठरा हजारांसकट. मला वाटले, आता दिवाळीपर्यंत ऐकावे लागणार. ही एवढेच म्हणाली, "पैठणी घेताना मी काय करते? पदर उलटा करून पाहते. खरी असेल तर पदर दोन्हीकडून सारखा. नकलीच्या पाठीवर दोरे लोंबतात. तुम्ही घड्याळ पुढूनच पाहत बसलात. पुढच्या वेळी मी येते."

शिल्लक होते बत्तीस हजार. त्यांत तिने तिच्या भिशीचे अठरा घातले आणि पन्नास पुरे केले. मुलाकडे मागायचे नाही या अटीत भिशीचा उल्लेख नव्हता, असा तिचा युक्तिवाद होता. ज्या बाईने माझ्याबरोबर बँकेत काम करायला हवे होते ती पस्तीस वर्षे मला डबा देत राहिली.

फोर्टातल्या एका जुन्या दुकानात आम्ही दोघे गेलो. दुकानदाराने तीन घड्याळे मखमलीवर मांडली. पहिले सोनेरी, कोपऱ्यांतून पितळ डोकावत होते. दुसरे अगदी नवेकोरे दिसत होते; हिने ते बोटाने बाजूला सारले, जशी ती बाजारात फार लाल टोमॅटो बाजूला सारते. तिसऱ्याची तबकडी एके काळी पांढरी असावी. आता ती साईसारखी झाली होती, आठाच्या अलीकडे दोन तपकिरी डाग, जुन्या हातावर पडतात तसे. अक्षरे मात्र भिंगाखाली केसासारखी बारीक आणि धारदार. कवच पोलादी, ओरखड्यांनी भरलेले, पण शिंगांच्या कडा शाबूत. माझे बोट डाव्या खालच्या शिंगावरून गेले. खाच नव्हती. तेव्हाही, आणि इतक्या साऱ्या विद्येनंतरही, पोटात काहीतरी खाली गेले हे कबूल करतो.

"उलटं करा," ही म्हणाली.

मागच्या झाकणावर तीन इंग्रजी अक्षरे कोरलेली होती. त्यांच्याखाली इंग्रजीतच "वडिलांकडून", आणि साल १९५६.

दुकानदार ओशाळला. "याच्यामुळेच गिऱ्हाईक मागं फिरतं, काका. दुसऱ्याचं नाव कुणाला हवं? काही काळजी करू नका. पॉलिश मारून अर्ध्या तासात घालवून देतो. पैसे नकोत त्याचे."

"नको," ही म्हणाली. मी तोंड उघडण्याच्या आत म्हणाली.

त्याने झाकण उघडले. आत तांबूस मशीन, स्क्रूंच्या खाचा सरळ, गंज नाही. झाकणाच्या आतल्या अंगाला, उजेडात तिरपे धरल्यावर दिसतील अशी, सुईने ओरखडलेली बारीक अक्षरे होती. घड्याळ उघडणारा प्रत्येक घड्याळजी अशी आपली खूण आणि तारीख ओरखडून ठेवतो. तीन खुणा वाचता आल्या: १९६३, १९७१, १९८८. म्हणजे तीस-बत्तीस वर्षे तरी कुणीतरी त्याला जपले होते. मग काय झाले असेल? तो मुलगा गेला असेल, की परदेशी गेला असेल, की त्याच्या मुलाने चाळीतले कपाट रिकामे करताना रद्दीवाल्याला दिले असेल? की त्यानेही कुठल्या नळाच्या कट्ट्यावर ठेवले असेल? १९८८ नंतर झाकण गप्प होते.

दुकानदार अठ्ठेचाळीस म्हणाला. कोरलेल्या अक्षरांचे तीन, डागांचे दोन, काच खरवडलेली म्हणून एक आणि ही दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली त्याचा एक, असे करीत करीत एक्केचाळीसला सौदा तुटला. तिथून थेट जिन्याखाली. घड्याळजींनी झाकण उघडले आणि पूर्वीसारखेच बराच वेळ गप्प बसले.

"बोला," मी म्हणालो.

"चौदा आणे."

"आणि दोन आणे?"

"चावी बदललीय. काचही बाहेरची दिसते. ओमेगाच्या काचेत अगदी मधोमध, भिंगातूनच दिसेल एवढी बारीक खूण असते. ती इथं नाही. पण काच काय, बांगडीसारखी, फुटते, बदलते." आठवडाभर त्यांनी ते ठेवून घेतले. साफसफाई, तेल, एक स्प्रिंग, साधा काळा पट्टा, मिळून साडेचार हजार. जाताना त्यांनी झाकणाच्या आत चौथी खूण ओरखडली.

उरलेले साडेचार मी हिच्या भिशीत परत केले. निळे घड्याळ मी भाजीला जाताना घालतो. ते बाजाराच्या तोंडाशी थांबते आणि परत येताना पिशव्यांच्या हेलकाव्यांनी चालू लागते. जुने दिवसाला वीसेक सेकंद मागे पडते. रोज सकाळी चावी देताना मी ते भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतो. भिंतीवरच्याला त्याचा काही अभिमान वाटत असेल तर वाटो.

परवा धनत्रयोदशीला ते देवापुढे धने-गुळाशेजारी ठेवले होते. माझी नात या वर्षी दहावीला आहे. तिच्या मनगटावर एक काळी चौकोनी पाटी असते. ती पाटी तिची पावले मोजते, निरोप वाचते, झोपेचा हिशेब ठेवते. नात देवापुढे वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

"आबा, परीक्षेला मला हे द्याल? माझं हॉलमध्ये चालत नाही. साधंच घड्याळ लागतं."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला.

मी घड्याळ उचलले. तिच्या मनगटाला पट्टा लावून पाहिला. शेवटच्या भोकातही सैल होत होता. टोचा आणून आणखी एक भोक पाडले. मग ते काढून तिच्या हातात दिले आणि चावी कशी द्यायची ते दाखवले. रोज सकाळी एकदाच. हातातून काढून. अंगठा आणि बोट, हलकेच. अडलं की थांबायचं, जोर करायचा नाही.

ती मोजत होती. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.

"अडलं," ती म्हणाली.

"आणि हे बघ," ही आतून म्हणाली, "हात धुताना मात्र..."

"अगं, तिला पेपर सोडवू दे," मी म्हणालो.